वास घेतलेल्या टोपल्या

कामिदानी वाडीत तोकिए हानाओकाची ओळख लोक तिच्या नाकावरून करून देत. नवऱ्याच्या नावानं नाही, घराण्याच्या नाही, शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभी हयात काढली त्यावरूनही नाही. "तोकिए ना? तिला बरणीचं झाकण न उघडता सोयाबीनचा मिसो किती मुरलाय ते कळतं," असं सांगायचे. आता हे जरा जास्तच झालं. पण एकदा तिनं शाळेच्या दारातून मासेवाल्याला नुसत्या वासावरून परत पाठवलं होतं. तो तणतणत गेला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच येऊन माफी मागून गेला. ते सगळ्या वाडीनं पाहिलं, आणि तेव्हापासून तिच्या नाकापुढे कुणाचं काही चालेना.

पुढे शाळा बंद पडली. मुलंच उरली नाहीत तर शाळा कुणासाठी चालवायची? तरणी माणसं खालच्या शहरात गेली, तिचा मुलगा योशिहारु तर पार हिरोशिमाला गेला. नवरा शिगेझो त्याच सुमारास वारला. तोकिए एकटी राहिली, पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हे. जानेवारीत सून मियोको आली ती सात तारखेच्या सातपाल्याच्या पेजेसाठी दुकानातून प्लास्टिकचं खोकं घेऊन आली. सात पाले, प्रत्येकाची चिमूट चिमूट, वर किमतीची चिठ्ठी. तोकिएचं टाळकंच सणकलं.

"हे काय, औषधाची पुडी आणलीस?"

"आई, आजकाल सगळे हेच आणतात."

"सगळे खड्ड्यात जातील, तूही जाशील? बांधावर फुकट उगवतंय ते!"

त्या वर्षापासून दर सहा जानेवारीला तोकिएची फेरी सुरू झाली. शहरातले आईबाप पोरांना गमबूट घालून आणायचे आणि ती त्यांना थिजलेल्या भातखाचरांच्या बांधावरून हिंडवायची. हिवाळ्यात रान मेलेलं दिसतं, पण वाकून पाहिलं तर मेलेलं नसतं. नाझुनाचा पाला जमिनीला चिकटून पसरलेला असतो, हाकोबेची इवली पानं दहिवराखाली हिरवी असतात, पाटाच्या काठाला सेरी असते. ती पोरांना गुडघ्यावर बसवायची, पानाची पाठ बघायला लावायची, ससा कुठून गेला ते ओळखायला लावायची. शेवटी सगळे बंद शाळेच्या अंगणात जमायचे. तिथं ज्याची त्याची टोपली ज्याच्या त्याच्या घरी न्यायची नाही, असा तिचा दंडक. सगळ्या टोपल्या एकाच चटईवर उलट्या करायच्या, सगळं मिसळायचं आणि मग शहरातल्या आणि वाडीतल्या घराघराला वाटून द्यायचं, म्हणजे ज्याला सेरी मिळाली नाही त्याच्या पेजेतही सेरी पडते. त्या संध्याकाळी घरोघरी पाटावर पाला ठकठक चिरायचा आणि सातव्या तारखेच्या सकाळी पेज खायची. वर्षभर दुखणं येत नाही म्हणतात.

दुसरा दंडक मुळांचा. सेरी उपटायची नाही, कात्रीनं वरच्या वर कापायची. "मूळ ठेवलंत तर पुढल्या वर्षी ती तुमची वाट बघेल," असं ती सांगायची. पोरं भारी इमानदारीनं पाळायची.

आणि चटईवर ओतण्याआधी प्रत्येक टोपली तिच्या नाकाखालून जायची. पोर टोपली वर धरायचं, तोकिए डोळे मिटून खोल श्वास घ्यायची आणि प्रत्येकाला काहीतरी निराळं बोलायची. "अगं बाई, हिला तर इथंच जेवायला बसावंसं वाटतंय!" किंवा "तुझ्यात गवतच जास्त रे, गाढवाला बोलावलंयस का जेवायला?" पोरं खिदळायची. पण आईबाप तिथं मोबाइल बाजूला ठेवून बघायचे, कारण खरं काम तेच होतं. सेरीसारखीच दिसणारी एक विषसेरी असते. पानं तशीच, दांडा तसाच, जागाही तीच. सेरी चुरगळली की तो एक खमंग, झणझणीत वास येतो, हिला तो येत नाही. दुसरी खूण मुळाशी, हिचं मूळ जाडजूड, हिरवं, बांबूसारखं पेरापेरांचं. विष पानापानांत असतंच, पण तेवढं मूळ पोटात गेलं तर बैल आडवा होतो, पोराचं काय घेऊन बसलात.

दोन हिवाळ्यांपूर्वी तोकिएला ताप आला. ताप गेला, खोकला गेला, भूक परत आली. वास काही आला नाही. सर्दी आहे, जाईल, म्हणून ती थांबली. मग एकदा जाळीवर मासा भाजत ठेवून ती समोरच बसली होती आणि धूर डोळ्यांत गेला तेव्हा तिला कळलं की माशाचा कोळसा झालाय. त्या दिवशी ती खूप घाबरली. लोणच्याची बरणी उघडली, शिगेझोचा जुना कोट कपाटातून काढून तोंडाशी धरला, उदबत्ती नाकपुडीला लावली. काही नाही. जग जणू काचेपलीकडे गेलं होतं.

सांगायचं कुणाला? योशिहारु तिला हिरोशिमाला न्यायला टपलेलाच होता. एकदा तो आला असताना गॅसचं बटण अर्धवट उघडं राहिलं होतं. तोकिएच्या नजरेला पडलं म्हणून तिनं बंद केलं. तिला वासावरून कळलं असं समजून तो म्हणाला, "आई, नाक शाबूत आहे म्हणून वाचतेस. ते गेलं की मी तुझं काही ऐकणार नाही." ती हसली आणि त्याच्या पानात आणखी एक मासा वाढला. मियोको फोनवर बोलायची तेव्हा तिचा आवाज मऊ मऊ व्हायचा. "हो हो आई, बरोबर आहे तुमचं, असू दे." त्या आवाजाची तोकिएला चीड यायची. ज्याच्या बोलण्यावर आता काही अवलंबून नाही अशा माणसाशी लोक त्या आवाजात बोलतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. उरलेलं आयुष्य त्या आवाजात राहायचं? त्यापेक्षा इथं मेलेलं बरं.

म्हणून तिनं लपवलं. लपवण्यात बाई मोठी हुशार. मागच्या वर्षीच्या फेरीत तिनं पोरांनाच वास घ्यायला लावला. "चुरगळ बरं, सांग कसला वास येतो? तुझ्या नाकाची परीक्षा!" पोरं ओरडून सांगायची आणि ती मान डोलवायची. आईबाप म्हणाले, वा, तोकिएकाकूंची शिकवायची पद्धत बघा. ती मनातल्या मनात मेल्याहून मेली, पण निभावलं.

यंदा थंडी जबर. पाटाकाठची सेरी दहिवरानं करपून गेली होती. अर्ध्या पोरांची नाकं वाहत होती, शेंबूड बाहीला पुसत ती बांधावरून पळत होती. टोपल्यांत सेरी काही दिसेना आणि पोरांचे चेहरे उतरले. तेव्हा तोकिए म्हणाली, "चला, वर जुन्या तळ्यापर्यंत जाऊ. तिथं झरा आहे, पाणी कोमट असतं." तळ्याच्या काठाला ती पूर्वी कधी पोरांना न्यायची नाही. पण तिथं हिरवंगार, दाट उगवलं होतं. सगळ्यांनी कात्र्या चालवल्या, मुळं तेवढी जागच्या जागी ठेवून. तोकिएला केवढा आनंद झाला.

अंगणात तिनं टोपल्यांना नाक लावलं. पोरांना विचारलं तर ती नुसती सूंसूं करत "येतोय, येतोय" म्हणाली. चटईवर सगळं मिसळलं, वाटलं, गाड्या निघू लागल्या. कानाहो नावाची तिसरीतली मुलगी तेवढी घुटमळत मागे राहिली. तोकिएच्या प्रत्येक शब्दावर जीव टाकणारी पोर. तिनं मूठ पुढे केली. मुठीत चिखलानं माखलेलं मुळासकट एक रोप होतं.

"आजी, चुकून उपटलं गेलं. कात्री लागली नाही नीट. परत लावाल?"

"लावीन हं. किती गुणाची गं तू." तोकिएनं ते एप्रनच्या खिशात टाकलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

दुपार कलल्यावर ते लावायला म्हणून तिनं नळाखाली धुतलं. चिखल गेला आणि आतून हिरवं, बोटाएवढं जाड मूळ निघालं. तिनं सुरीनं मधोमध चिरलं. आत पेरं होती, एकावर एक, रिकाम्या खोल्यांसारखी.

तोकिए तिथंच मोरीच्या काठाला टेकली. एकच रोप असेल, असं पहिलं मनात आलं. मग दुसरं आलं. तळ्याकाठी सगळ्यांनी कापलं होतं. आणि चटईवर सगळं मिसळून तिनंच स्वतःच्या हातानं घराघराच्या पिशवीत घातलं होतं.

ती तशीच एप्रनवर वाडीच्या सभागृहाकडे धावली. वाडीप्रमुख सेईजी इवागामी तिथं हीटरपाशी बसून संत्रं सोलत होता. शाळेत दोघं एका बाकावरचे. वाडीतल्या खांबांवरचे कर्णे त्याच्याच ताब्यात. उद्या पाणी बंद, वरच्या रानात अस्वल दिसलं, असलं काहीबाही तो त्यावरून सांगायचा.

"सेईजी, कर्णा लाव. पाल्यात विषसेरी गेलीय."

त्याच्या हातातली फोड खाली पडली. "काय बोलतेस! तू बघितलं नाहीस?"

तोकिएनं मूळ टेबलावर ठेवलं.

सेईजीनं आधी सुनेला हाक मारून फोनवर सगळ्या घरांना पाला खाऊ नका असा निरोप टाकायला सांगितलं आणि मग आवाज खाली आणला. तो काही वाईट माणूस नव्हे, शेजारधर्म पाळणारा. "हे बघ, तुझं नाव कशाला घ्यायचं? पालिकेनं बांधावर तणनाशक मारलं होतं म्हणून सांगू. पाला खाऊ नका, एवढंच."

क्षणभर तोकिएला वाटलं, देवच बोलला याच्या तोंडून. तसंच सांगावं. घर राहील, फेरी राहील, योशिहारुला काही कळणार नाही. तिनं मान हलवायला सुरुवातही केली. आणि मग तिच्या डोळ्यांसमोर आपली माणसं आली.

"तणनाशक म्हटलं तर धुऊन खातील," ती म्हणाली. "चारदा धुतील आणि खातील. आपल्यात अन्न टाकतं का कुणी?"

"मग विषसेरी म्हण सरळ."

"तर निवडतील. निवडताना म्हणतील, आपल्या पिशवीत नसणार, तोकिएनं वास घेतलाय." तिचा आवाज फाटला. "त्यांचा विश्वासच आडवा येतोय, मेल्या! मी वास घेतलेलं ते टाकणार नाहीत!"

"मग घेतलाच होतास ना तू?"

"नाही. येतच नाही मला. दोन वर्षं झाली."

सेईजीनं सोललेलं संत्रं बाजूला सारलं. "माझ्या बायकोच्या वर्षश्राद्धाला," तो सावकाश म्हणाला, "ती उदबत्ती. तू म्हणालीस, तिला आवडायचं तेच चंदन आणलंस."

"खोक्यावर लिहिलं होतं, सेईजी."

त्यानं बटण दाबलं आणि माइक तिच्यापुढे सरकवला. दरीतून तिचाच श्वास तिला परत ऐकू आला.

"मी तोकिए हानाओका. आज सकाळी वाटलेल्या पाल्यात विषसेरी आहे. सगळा पाला टाका. निवडू नका, धुऊ नका, कोंबड्यांनासुद्धा घालू नका. तुम्ही म्हणाल तोकिएनं वास घेतला होता. घेतला नव्हता. मला दोन वर्षं कसलाही वास येत नाही. टोपल्यांना मी नुसतं नाक लावलं आणि तोंडाला येईल ते बोलले. खोटं बोलले. पाला टाका."

ती ते पुन्हा बोलली, आणि पुन्हा. सेईजीनं हात धरून थांबवलं तेव्हा थांबली.

सेईजीची सून फोन घेऊन आत आली. तोकिएचं बोलणं तिनं जसंच्या तसं शहरातल्या घरांनाही पाठवलं होतं. एकेका घरानं उत्तर दिलं होतं. टाकला. टाकला. एकीनं लिहिलं होतं, काकू, खरं सांगा, आमच्याही पिशवीत असेल? आणि लगेच खाली, टाकला. एकच घर गप्प होतं. कानाहोचं. तिची आई रिसा फोन उचलत नव्हती. त्यांचं घर दरीच्या तोंडाशी, तिथं कर्ण्यापेक्षा डोंगरच जास्त बोलतो, शब्द काही कळत नाही.

सेईजीनं आपली छोटी मालगाडी काढली. उतारावर तो गाडी इतकी दामटत होता की एरवी तोकिएनं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

"योशिहारुला मी सांगू?" त्यानं विचारलं.

"मी सांगेन. तू रस्ता बघ."

दारातच आतला आवाज ऐकू आला. भांडण चाललं होतं. कानाहो रडत ओरडत होती, तिचा बाप चिडून काही बोलत होता. म्हणजे जिवंत आहेत, असं तोकिएला वाटलं आणि तिनं दार सरकवलं.

स्वयंपाकघर वाफेनं भरलेलं होतं. टेबलावर मातीचं पातेलं, कलत्या झाकणाखालून पांढरी पेज आणि वर पेरलेला हिरवा पाला दिसत होता. कानाहो झाकण दोन्ही हातांनी दाबून उभी होती आणि तिचा बाप, कारखान्याचे कपडे चढवलेला, रिकामा वाडगा हातात घेऊन बसला होता.

"आलात, बरं झालं!" तो तोकिएला म्हणाला. "हिला सांगा जरा. माझी रात्रपाळी आहे, सकाळी मी घरी नसतो. म्हटलं दोन घास आत्ताच खातो, तर ही हात लावू देत नाही. म्हणे, तोकिएआजीनं सांगितलंय, सातव्या तारखेच्या सकाळीच खायचं. एवढीशी पोर, पण हट्टाला पेटलीय नुसती."

"गरम आहे तोवर खाऊ दे म्हणते मी," रिसा म्हणाली. "फोन गाडीतच राहिलाय माझा, नाहीतर तुम्हालाच विचारणार होते. आजी, तुम्हीच सांगा, चालेल ना आज खाल्लं तर?"

तोकिए गमबूट न काढता आत चढली. त्या घरात असं कधी कुणी केलं नसेल. तिनं पातेलं उचललं, हात भाजले तरी सोडलं नाही, आणि ते अंगणातल्या मातीत पालथं केलं. बापाच्या हातातला वाडगा काढून घेतला, चिरायचा पाट उचलला, ओट्यावरचा उरलेला पाला कागदात गुंडाळला. मग ती खाली चपला काढायच्या जागी आली, थंड फरशीवर गुडघे टेकले, कपाळ टेकलं आणि सगळं सांगितलं. मूळ, तळं, चटई, ताप, नाक.

रिसानं मुलीला ओढून जवळ घेतलं. बाप वाडगा गेलेल्या आपल्या रिकाम्या हातांकडे नुसतं बघत राहिला. बोलले असते तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तरी तोकिएनं गाल पुढे केला असता.

कानाहो आईच्या हातातून सुटून पुढे आली.

"म्हणजे माझ्या टोपलीचा पण नाही घेतला?"

"नाही."

"तुम्ही म्हणालात, सगळ्यांत छान वास माझ्या टोपलीचा आहे."

"खोटं बोलले मी."

"मी वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं की तुमचं नाक..." ती थांबली. तिचे डोळे तोकिएच्या भाजलेल्या हातांवर गेले, मग फरशीवर टेकलेल्या पिकल्या डोक्यावर, जे इतक्या वरून तिनं कधी पाहिलं नव्हतं. रडं तिनं गिळलं. मग ती खाली बसली आणि तोकिएच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी हळू, काही फुटेल की काय अशा बेतानं.

"असू दे हं, आजी," ती मऊ मऊ आवाजात म्हणाली. "होतं असं. तुम्ही आता थंडीत बसू नका."

तो आवाज तोकिएनं ओळखला. तिनं मान वर केली नाही.

"बरं बाळा," ती म्हणाली, आणि सेईजीनं हात दिला तेव्हा मुकाट्यानं उठली.